रुपयात बारा आणे

गेली चौदा वर्षे मी सांगली जिल्ह्यातील एका धर्मादाय रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. गुडघ्याचा सांधा बदललेले रुग्ण शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे येतात. पुढे सहा आठवड्यांनी, सहा महिन्यांनी आणि वर्षाने ते फेरतपासणीला आले, की सर्जनसरांच्या खोलीत जाण्याआधी माझ्या टेबलावर त्यांचा गुडघा मोजला जातो. तो किती अंशांत वाकतो, मांडीच्या स्नायूत किती बळ आले आहे, चालताना लंगड किती उरली आहे, हे सारे केसपेपरवर नोंदवण्याची सोय पहिल्यापासून होती. "आता कसं वाटतंय?" या प्रश्नाच्या उत्तराला मात्र केसपेपरवर रकाना नव्हता. ते उत्तर बहुतेक वेळा एका ठरलेल्या मापात येई : "रुपयात बारा आणे हाय बगा, ताई." आणे १९५७ साली दशमान पद्धत आली तेव्हाच गेले आणि चार आण्यांची पावलीही २०११ मध्ये चलनातून गेली, आमच्या ओपीडीत मात्र दोन्ही अजून चालतात.

रुग्णाने स्वतः भरायची प्रश्नावली वापरून आजार मोजण्याचे काम मी अंगावर घेतले, त्याला एक बाई कारण झाली. सहा महिन्यांपूर्वी तिचा उजवा गुडघा बदललेला होता. एक्स-रे नमुन्यासारखा, वाकण्याचा कोन ११५ अंश, जखम स्वच्छ. सरांनी विचारले, तिने "बरं आहे की" असे सांगितले, सरांनी केसपेपरवर "उत्तम" असे लिहिले आणि सगळे मिळून तीन मिनिटांत ती बाहेर आली. बाहेरच्या बाकावर चप्पल घालता घालता ती मला म्हणाली, की सहा महिन्यांत ती माळवदावरून एकदाही एकटी खाली उतरलेली नाही, कारण पायरी उतरताना गुडघ्यातला जोर अचानक गेल्यासारखा होतो. सून कामावर गेली की दिवसभर ती वरच बसून असते. हे आत का सांगितले नाही, असे विचारल्यावर तिने जे उत्तर दिले ते मी नंतर अनेकांच्या तोंडून ऐकले : "एवढं चांगलं केलं सायबांनी, आणि त्यांच्या तोंडावर कसं म्हणायचं दुखतंय म्हणून?"

आपल्याकडे "बरं आहे" हे पुष्कळदा तब्येतीबद्दलचे विधान नसते, ती समोरच्याच्या कष्टांची पावती असते. हे मला माहीत नव्हते असे नाही. पण त्या पावतीवरून शस्त्रक्रियेचे यश ठरते आहे, हे त्या दिवशी पहिल्यांदा टोचले.

इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेत एप्रिल २००९ पासून गुडघा व खुबा बदलण्याच्या शस्त्रक्रियांपूर्वी आणि त्यानंतर सहा महिन्यांनी रुग्णाकडून अशी प्रश्नावली भरून घेतली जाते, हे मी वाचले होते. गुडघ्यासाठी तिथे 'ऑक्सफर्ड नी स्कोअर' वापरतात. ती १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात बारा प्रश्न आहेत, सगळे गेल्या चार आठवड्यांबद्दलचे; प्रत्येकाची पाच उत्तरे, शून्य ते चार गुणांची, म्हणजे एकूण ४८ पैकी गुण मिळतात आणि ४८ म्हणजे गुडघ्याची काहीच तक्रार नाही. वेदना किती, रात्री अंथरुणात दुखते का, आंघोळ करून अंग पुसताना त्रास होतो का, किती वेळ चालता येते, जिना उतरता येतो का, पाय दगा देतो का, अशा साध्या गोष्टी तिच्यात विचारल्या आहेत. त्या बाईला जिन्याचा आणि दगा देणाऱ्या पायाचा प्रश्न कागदावर विचारला गेला असता, तर ती गोष्ट बाकावर येईपर्यंत थांबली नसती, या विचाराने मी सरांकडे गेले. सरांनी "वेळ कोण देणार?" एवढेच विचारले आणि मी देते म्हटल्यावर मान डोलावली.

पहिली चूक मी त्याच आठवड्यात केली. इंग्रजी प्रश्न समोर ठेवून एका रविवारी दुपारी मी त्यांचे मराठी करून टाकले आणि सोमवारपासून वापरायला काढले. अशा प्रश्नावलीवर हक्क असतो, ती परवान्याशिवाय वापरता येत नाही आणि तिचा शब्दही परस्पर बदलता येत नाही, हे मला एका महाविद्यालयातल्या प्राध्यापकबाईंनी सांगितले, तोवर चाळीसेक कागद भरून झाले होते. ते सगळे बाजूला ठेवावे लागले. पुढे त्यांच्याच एका विद्यार्थिनीच्या प्रबंधाच्या निमित्ताने परवानगी घेऊन रीतसर काम झाले : दोघांनी स्वतंत्रपणे मराठी करायचे, ते जुळवून एक मसुदा बनवायचा, मूळ इंग्रजी न पाहिलेल्या माणसाने त्याचे पुन्हा इंग्रजी करायचे, दोन्ही इंग्रजी ताडून पाहायची, आणि मग तो मसुदा खऱ्या रुग्णांपुढे ठेवून त्यांना त्यातून काय कळले ते त्यांच्याच शब्दांत सांगायला लावायचे.

या शेवटच्या पायरीवर मी जेवढे शिकले तेवढे पदवीच्या वर्षांतही शिकले नसेन. माझ्या रविवारच्या भाषांतरात "तीव्र वेदना" होत्या. आमच्या रुग्णांपैकी कोणीही हा शब्द आयुष्यात उच्चारलेला नव्हता. त्यांच्याकडे कळ होती, ठणका होता, ठसठस होती, चमक होती, आणि दिवसभराच्या कामानंतर येणारा शीण होता. "दुखतं का?" या प्रश्नाला "न्हाई" म्हणणारी आजी "ठणकतं का?" म्हटल्यावर "ते तर रोजचंच" असे सांगे, कारण दुखणे म्हणजे तिच्या लेखी अंथरुणाला खिळवणारे काही, आणि ठणका म्हणजे संध्याकाळ. शेवटी आम्ही "दुखणे" हाच शब्द ठेवला. प्रश्नाच्या आधी मात्र एक ओळ घातली, की कळ, ठणका, चमक हे सगळे त्यात धरावे. आणि या जादा ओळीचीही परवानगी घेतली.

भाषेच्या पलीकडचा गुंता राहणीचा होता. मूळ प्रश्नावलीत जेवणाच्या टेबलाशी बसून जेवल्यावर खुर्चीवरून उठताना किती दुखते, असे विचारले आहे. आमच्या निम्म्याहून अधिक रुग्णांच्या घरी टेबल नव्हते. त्यांनी ऑपरेशननंतर प्लास्टिकची खुर्ची घेतलेली असे आणि ताट मांडीवर घेऊन ते जेवत. उलट मांडी घालून बसणे, उकिडवे बसणे, भारतीय पद्धतीच्या शौचालयातून उठणे आणि शेतात भांगलण करणे या आमच्याकडच्या गुडघ्याच्या खऱ्या परीक्षा त्या बारा प्रश्नांत नव्हत्याच. 'वोमॅक' नावाची सांधेवातासाठीची आणखी एक जुनी प्रश्नावली आहे. पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेस या केंद्राने भारतीय राहणीला धरून तिच्यात फेरफार केले, ते याच अडचणीपायी. बाजारहाट एकट्याने करता येते का, या प्रश्नावर तर हमखास घोळ होई. "बाजार लेक आणतो," असे सांगून बाई "अशक्य" या खान्यावर बोट ठेवी, आणि गुडघ्याचा काडीचा दोष नसताना चार गुण जात. त्यावर फक्त एवढेच विचारायची मुभा आम्ही घेतली : "वेळ आली तर तुमचा गुडघा करू देईल का?" प्रवासाचा प्रश्न मात्र जसाच्या तसा लागू पडला. मोटारीत किंवा सार्वजनिक वाहनात चढता-उतरता येते का, असे वाचले की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभे राहायचे, एसटीची पहिली पायरी, आणि ती जमिनीपासून किती उंच असते हे हाताने दाखवल्याशिवाय उत्तर येत नसे.

दुसरी चूक आकड्यांची, आणि ती सांगायला मला अजून संकोच वाटतो. या प्रश्नावलीची गुण देण्याची पद्धत सुरुवातीला उलटी होती : १२ म्हणजे उत्तम आणि ६० म्हणजे अत्यंत वाईट. पुढे ती बदलून शून्य ते ४८ अशी सुलट केली गेली. आमच्या विभागात मी नव्या पद्धतीने बेरीज करत होते आणि नवीन आलेला सहकारी जुन्या लेखावरून शिकला असल्याने जुन्या. एका काकांचे शस्त्रक्रियेपूर्वीचे गुण १७ होते आणि सहा महिन्यांनंतरचे २२. काका जेमतेम पाच गुणांनी सुधारले, असे वाटून सरांनी त्यांना पुन्हा एक्स-रे काढायला पाठवले. काका एक्स-रेच्या रांगेत उभे राहून शेजारच्याला शेताच्या बांधावरून चालण्याच्या गोष्टी सांगत होते, त्या कानावर पडल्या म्हणून मला शंका आली. २२ ही जुनी बेरीज होती. साठातून वजा केल्यावर नवी निघाली ३८. तेव्हापासून आमच्या प्रत्येक कागदावर बेरजेच्या चौकटीशेजारी "जास्त गुण = बरा गुडघा" असे ठळक छापलेले असते. हे आधीच का सुचले नाही, याला माझ्याकडे उत्तर नाही.

कोण विचारतो यावर उत्तर किती बदलते, हे कळायला वर्ष गेले. ज्यांना वाचता येई ते स्वतः भरत. बाकीच्यांना आम्ही वाचून दाखवत असू, आणि वाचून दाखवणारी बहुधा मीच असे. एकदा मी रजेवर असताना केसपेपर काढणाऱ्या मावशींनी एका बाईंचे प्रश्न वाचून घेतले. मी परतल्यावर तो कागद न पाहता, दोनच दिवसांच्या अंतराने, मी तिचे पुन्हा भरून घेतले. मावशींच्या कागदावर २९ गुण होते, माझ्या कागदावर ३८. दोन दिवसांत गुडघा नऊ गुणांनी सुधारत नाही. तीन महिने रोज मी जिच्याकडून व्यायाम करून घेतले होते, ती मला "अजून दुखतं" कसे सांगणार? सरांच्या खोलीतले "बरं आहे" आता माझ्या टेबलापर्यंत आले होते. म्हणून आम्ही नियम केला, की उपचारात हात असलेल्याने प्रश्न वाचायचे नाहीत. वाचणाऱ्याने शब्द बदलायचा नाही, उत्तर सुचवायचे नाही, आणि सोबत आलेल्या मुलाने किंवा नवऱ्याने आईच्या, बायकोच्या वतीने बोलायचे नाही. यातला शेवटचा भाग पाळून घेणे सर्वांत अवघड गेले. "तिला काय कळतंय, मी सांगतो," असे म्हणणाऱ्या नवऱ्याला चहाला पाठवण्याचे कसब मावशींनी कमावले आहे. मला ते अजून साधत नाही.

काही रुग्णांचे गुण गुडघा उत्तम असूनही वर सरकत नसत. शस्त्रक्रियेपूर्वी मन खचलेले असेल तर निकाल कमी समाधानकारक येतो, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. म्हणून आम्ही 'पीएचक्यू-९' ही नैराश्याची प्रश्नावलीही जोडली. ती २००१ ची, नऊ प्रश्नांची, गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारणारी आणि विनापरवाना वापरता येणारी आहे. तिचा नववा प्रश्न मेलेले बरे असे वाटते का, किंवा स्वतःला इजा करावीशी वाटते का, असा आहे. आमच्या भागातले म्हातारे माणूस दिवसातून एकदा तरी "देवानं आता न्यावं" असे म्हणतेच, तेव्हा या प्रश्नाला सगळेच हो म्हणतील आणि त्याला काही अर्थ उरणार नाही, असे मला वाटले होते. तसे झाले नाही. बोलण्याच्या ओघात देवाला हाक मारणारी बहुतेक माणसे कागदावर "अजिबात नाही" यावर बोट ठेवत. त्या दोन्हींतला फरक त्यांना माझ्यापेक्षा चांगला कळत होता.

एका गुरुवारी सकाळी दहाला एका गृहस्थांनी तो कागद भरला, तो ट्रेमध्ये गेला, ते तपासणी करून निघून गेले, आणि बेरीज करायला मी ट्रे हातात घेतला तेव्हा साडेचार वाजले होते. नवव्या प्रश्नासमोर "जवळजवळ रोज" या खान्यात खूण होती. पुढचा तासभर मी कसा काढला ते लिहीत नाही. केसपेपरवरचा फोन मुलाचा होता, तो लागला. वडील अजून एसटी स्टँडवरच होते, त्यांना घेऊन तो परत आला. त्या संध्याकाळी वैद्यकीय अधिकारी त्यांच्याशी बोलत बसले, मानसोपचारतज्ज्ञांकडे उपचार सुरू झाले, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक तेव्हापासून त्या कागदाच्या खाली छापला जातो. पण त्यांनी सकाळी दहा वाजता आम्हाला सांगितले होते आणि आम्ही ते साडेचारला ऐकले, हे कोणत्याही दुरुस्तीने पुसले जात नाही. विचारलेच नसते तर निदान न ऐकल्याचा दोष लागला नसता, असे मला त्या रात्री वाटून गेले.

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कर्करोग रुग्णालयातला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. शरीरात पसरलेला कर्करोग असलेल्या ७६६ रुग्णांपैकी ज्यांनी आपली लक्षणे नियमितपणे संगणकावर नोंदवली, त्यांच्यातले निम्मे ३१.२ महिन्यांहून अधिक जगले, आणि नेहमीच्या पद्धतीने उपचार घेतलेल्यांतले निम्मे २६ महिन्यांहून अधिक. हा आकडा सभांमधून प्रश्नावलीच्या कौतुकासाठी सांगितला जातो. मी तो वाचला तेव्हा माझे लक्ष दुसऱ्याच तपशिलावर खिळले : लक्षण बिघडल्याची नोंद झाली, की परिचारिकेला तत्काळ ईमेल जात असे आणि ती पुढची हालचाल करी. आमच्याकडे ईमेल नाही. आमच्याकडे आता एवढेच आहे, की कागद ट्रेमध्ये जात नाही, रुग्णाच्या हातातच सरांपर्यंत जातो, आणि सर तो वाचल्याशिवाय "कसं काय?" असे विचारत नाहीत. ते विचारतात, "जिना उतरताना अजून जोर जातो म्हणता?" तीन मिनिटांची तपासणी पाच मिनिटांची झाली आहे, त्यावरून बाहेर रांगेत कुरकुरही होते.

आण्यांचे काय झाले, ते सांगायचे राहिले. गुणांची सवय झाल्यावर मी बारा आण्यांना हसू लागले होते. मग लक्षात आले, की दोन्ही मापे वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. ४८ पैकी ३५ हे आजच्या गुडघ्याचे माप आहे. "रुपयात बारा आणे फरक" हे आधीच्या गुडघ्याशी केलेल्या तुलनेचे माप आहे, आणि आधीचा गुडघा आता फक्त आठवणीत असतो. शस्त्रक्रियेपूर्वी ११ गुण असलेल्या आणि वर्षाने ३० वर आलेल्या आजी "सोळा आणे" म्हणतात. ४० गुण असलेला, भजनी मंडळात पखवाज वाजवणारा माणूस "आठ आणेच" म्हणतो, कारण त्याला मांडी घालून बसता येत नाही आणि बारा प्रश्नांपैकी एकही मांडीबद्दल नाही. गुणांमधला किती फरक रुग्णाला खरोखर जाणवतो, हे ठरवण्यासाठी संशोधकही "आधीपेक्षा किती बरे वाटते?" असा प्रश्न सोबत विचारतात आणि त्याच्याशी गुण ताडून पाहतात, या प्रश्नावलीत पाचाच्या आसपासचा फरक अर्थपूर्ण धरतात तो अशाच खटपटीतून. तेव्हा कागदाच्या तळाशी, गुणांच्या बेरजेत न धरता, आम्ही दोन ओळी वाढवल्या. शस्त्रक्रियेपूर्वी विचारायची : "गुडघा बरा झाल्यावर तुम्हाला काय करायचे आहे?" आणि नंतर विचारायची : "रुपयात किती आणे?" पहिल्या ओळीवर मांडीचे, भांगलणीचे, वारीचे उत्तर आले, तर सर आधीच बसवून त्यातले काय होईल आणि काय होणार नाही ते सांगतात. एक-दोघांनी ते ऐकून शस्त्रक्रिया पुढे ढकलली.

वर्षाच्या फेरतपासणीला सगळेच येत नाहीत. बरे झालेले कामाला लागतात, नाराज झालेले दुसरीकडे जातात, आणि जे येतात त्यांच्यावरून सरासरी काढली तर ती कोणाचीच नसते. म्हणून न आलेल्यांना मावशी फोन करतात. मागच्या महिन्यात मावशी रजेवर होत्या आणि नियम मोडून मीच फोन घेऊन बसले. तासगाव बाजूच्या एका आजींना लावला. वेदनेचा प्रश्न झाला, आंघोळीचा झाला, आणि तिसरा, एसटीत चढण्या-उतरण्याचा प्रश्न मी निम्मा वाचला असेन तेवढ्यात पलीकडून आवाज आला, "थांबा ताई, गाडी आली माझी." मग हॉर्न, कोणाची तरी "आज्जे, हात दे" अशी हाक, तिचे "नको, चढतीया माझी मी," आणि घंटीचे दोन ठोके. फोन बंद झाला. तिसऱ्या प्रश्नासमोर पूर्ण चार गुणांची खूण करण्याचा मोह मला झाला. पण उत्तर ज्याचे त्याने द्यायचे, म्हणून खाना रिकामा ठेवला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन केला. तिसरा प्रश्न पूर्ण ऐकून घेऊन, थोडा विचार करून आजी म्हणाल्या, "थोडा तरास होतोय की. पायरी लई उंच असती." मी तीनवर खूण केली.